शंभर उदाहरणे घडवणारी लायब्ररी

नागपूरच्या मिहान या औद्योगिक परिसरात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या आयटी कंपन्या आहेत. तिथल्या प्रोग्रामरनी चहाच्या वेळी आवर्जून वाद घालावा असा विषय म्हणजे हास्केल. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव मिळालेली ही प्रोग्रामिंग भाषा १९९० साली आली. तिच्यातल्या शुद्ध फंक्शनला तीच माहिती दिली की उत्तरही तेच येते. मध्ये गुपचूप काही बदलत नाही. म्हणून बीजगणितासारखे नियम मांडता येतात. उदाहरणार्थ, यादी दोनदा उलटली की मूळ यादीच मिळायला हवी.

संगणकशास्त्रज्ञ क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली मांडलेली क्विकचेक ही हास्केलची लायब्ररी असा नियम घेऊन, वेगळे सांगितले नसेल तर, शंभर उदाहरणे आपणच घडवते आणि नियम मोडणारे उदाहरण सापडले तर ते समोर ठेवते. सिद्धांताचा इतका रोकडा उपयोग मला विलक्षण वाटतो. अर्थात, शंभर चाचण्या म्हणजे सिद्धता नव्हे. कितीही लांब यादीसाठी खात्री हवी असेल, तर गणिती विगमनच करावे लागते.