आधी कबुतरे, मग सिद्धान्त

धडा लिहिताना आपण बहुधा व्याख्येपासून सुरुवात करतो. चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीसीज'मध्ये वेगळा क्रम निवडला. पहिल्या प्रकरणात त्याने पाळीव प्राणी, विशेषतः कबुतरे घेतली. माणूस हव्या त्या गुणांची जोडी निवडतो आणि पिढ्यान्‌पिढ्या वाण बदलत जातो, हे वाचकांच्या परिचयाचे होते. मग निसर्गातील विविधता, जगण्याची धडपड आणि चौथ्या प्रकरणात नैसर्गिक निवडीची सविस्तर मांडणी. सहाव्यात सिद्धान्तापुढील अडचणी त्याने स्वतःच मांडल्या. म्हणजे परिचिताकडून अपरिचिताकडे आणि मग आक्षेपांकडे.

व्याख्या आधी दिली की विद्यार्थी ती पाठ करतात. उदाहरणे आधी दिली, तर ते तिच्यापर्यंत स्वतः पोचू शकतात. पुढचा धडा आपण असा मांडून पाहू या.