पुरात जाणाऱ्या रानाचं काय करायचं?

गावाकडे शेती कसणारे काका थकले, की उताऱ्यावर नाव असलेल्या आपल्यासारख्या नोकरदारांना निर्णय घ्यावा लागतो. आमचं रान चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी. २००५, २०१९, २०२१ : तिन्ही पुरांत पाण्याखाली गेलं. विकायचा विषय निघाला तेव्हा मी लॅपटॉपवर पावसाचे आकडे मांडून बसलो. काकांनी एवढंच विचारलं, "पाणी किती आलं ते राहू दे. किती दिवस बसलं?"

सगळं त्यावरच आहे. काळी माती चिकण. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याची खाली जायची वाट बंद होते. पूर ओसरला तरी रान आतून बुडालेलंच असतं. मुळांजवळचा प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो, घातलेल्या खतातला बराचसा नत्रही वायू होऊन उडून जातो. सोयाबीन, भुईमूग यात टिकत नाहीत. नदीलगतची मळी मात्र गाळाची, भुसभुशीत. तिला वाफसा लवकर येतो, पण पाणीही आधी तिथेच चढतं.

ऊस चिवट, म्हणून सगळे ऊसच लावतात. शेंडा पाण्यावर राहिला तर तो तगतो, कांड्यांवर नव्या मुळ्या फुटतात. पोंग्यात गाळ बसला की कुजतो, मग पांगशा फुटतात आणि वजन घटतं. जुलैत केलेली आडसाली लागण तर पुराच्या वेळी गुडघ्याएवढीही नसते. सखल पट्ट्यात ती करणं मला जुगारच वाटतो. शिवाय वर्षानुवर्षं भरमसाट पाणी पाजून काळं रान क्षारपड होतं, ते वेगळंच.

सखल पट्ट्यात पावसाळी नगदी पीक नको, असं माझं मत. तिथे धैंचा टाकावा. साचलेलं पाणी तो बऱ्यापैकी सोसतो आणि बुडालाच तर फक्त बियाण्याचे पैसे जातात. वाफसा आला की जिरलेल्या ओलीवर शाळू किंवा हरभरा. पैसा उसापेक्षा कमी, हे खरं. चुलतभावाला अजून पटलेलं नाही.

तुमचंही असं रान असेल तर विकण्याआधी माती तपासून घ्या. मळीचा आणि काळ्या रानाचा नमुना वेगवेगळा द्या. एकत्र केला तर अहवालाचा उपयोग नाही. सामू साडेआठच्या वर गेला असेल तर जमीन चोपण होत चालली असण्याची शक्यता मोठी. मग जिप्समचा विचार करायचा, पण आधी निचऱ्याचा चर हवा. आमचा चर शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्याला न्यावा लागेल. काका त्याच्याशी बोलणार आहेत.