'ई' जीवनसत्त्व आणि ताणाची झीज

चिता आणि चिंता यांत काय तें एका अनुस्वाराचें अंतर, ही संस्कृतांतील कोटी सर्वांस ठाऊक आहे. ताणानें शरीर खरोखरच झिजतें हें १९३६ सालीं कॅनडांतील मॉंट्रिऑल येथें हान्स सेल्ये यांनीं उंदरांवर दाखविलें. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य, आघात कोणताही असो. मूत्रपिंडावरील ग्रंथि वाढत, छातींतील थायमस ग्रंथि आकसे, जठरांत व्रण पडत.

या झिजेवर 'ई' जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी, असें आतां पुष्कळ घरांतून ऐकूं येतें. म्हणून या द्रव्याची कुळकथा प्रथम पाहूं.

कॅलिफोर्निया विद्यापीठांतील हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांना १९२२ मध्यें आढळलें कीं, विशिष्ट कृत्रिम आहारावरील उंदरीण धडधाकट दिसते, गर्भही धरते, पण गर्भ टिकत नाहीं. आहारांत लेट्यूसचा पाला घातला कीं पिलें होत. गव्हाच्या अंकुराचें तेलही तसेंच गुणकारी ठरलें. १९३६ मध्यें त्या तेलांतून हें द्रव्य वेगळें काढल्यावर नांवासाठीं ग्रीकचे अध्यापक जॉर्ज कॅल्हून यांस विचारण्यांत आलें. त्यांनीं 'तोकोस' म्हणजे अपत्यजन्म व 'फेरो' म्हणजे वाहणें हे शब्द जोडून 'टोकोफेरॉल' सुचविलें. हा 'फेरो' आमच्या 'भृ' धातूचा सख्खा भाऊ! रसायनशास्त्रज्ञांनीं नामकरणास भाषापंडितास बोलवावें, ही चाल आम्हांस फार आवडली.

पेशींच्या आवरणांत स्निग्ध द्रव्यें असतात. जुनें तेल जसें खवट होतें, तशींच प्राणवायूपासून निपजणाऱ्या उपद्व्यापी कणांमुळें तींही बिघडतात, आणि बिघडलेला रेणु शेजाऱ्यास बिघडवितो. 'ई' स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन ही सांखळी तोडतें. 'क' जीवनसत्त्व त्यास पुन्हां उभें करतें. ताण दिलेल्या प्राण्यांत हा बिघाड वाढलेला दिसतो, म्हणून आशा वाटणें साहजिक आहे. १९६३ मध्यें तर सेल्ये यांच्याच मंडळींनीं एका औषधानें उंदरांत आणलेलें अकालीं वार्धक्य 'ई' देऊन रोखलें.

परंतु माणूस म्हणजे उंदीर नव्हे. हृद्रोगाचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांपैकीं सुमारें निम्म्यांस रोज ४०० एकक, म्हणजे गरजेच्या कित्येक पट, सुमारें साडेचार वर्षें देऊन पाहिलें. झटके कमी झाले नाहींत, असें २००० सालीं प्रसिद्ध झालें. २०११ मध्यें तर हीच मात्रा घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शेंकडा १७ अधिक आढळला. मधुमेह नसलेल्या कांहीं रोग्यांच्या चरबीनें सुजलेल्या यकृतास ८०० एककांनीं गुण आल्याचें २०१० मध्यें दिसलें खरें. पण तो निराळा रोग, व तो उपचारही डॉक्टरांच्या देखरेखीखालचा. मनस्तापाच्या झिजेवर गोळी चालते, असा भक्कम पुरावा माणसांत नाहीं.

अमेरिकन प्रमाणानें प्रौढास रोज १५ मिलिग्रॅम पुरे. अडीच तोळे बदामांत त्याचा जवळजवळ निम्मा भाग मिळतो. सूर्यफुलाचें तेल व भुईमुगाचे दाणेही उपयोगी. घरांतील वडीलधारें माणूस रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेत असेल, तर ही गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून मुळींच देऊं नये. मोठ्या मात्रेनें रक्तस्रावाचें भय वाढतें.