पोलादी मस्टँग आणि फायबरग्लासचे अलंकार

फोर्ड कंपनीने 17 एप्रिल 1964 रोजी मस्टँग ही मोटार बाजारात आणली, आणि 1959 साली ल मान्सची शर्यत जिंकलेल्या कॅरोल शेल्बी या टेक्सासच्या शर्यतपटूने पुढच्याच वर्षी तिला शर्यतीच्या योग्यतेची करून जी. टी. 350 या नावाने विकावयास प्रारंभ केला. तथापि तिचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते 1967 च्या आवृत्तीत. त्या वर्षी तिला फायबरग्लासचा लांबट मुखभाग, हवेची तोंडे असलेले बॉनेट, दोन्ही बाजूंचे वायुमार्ग आणि मागील कडा उचललेली डिकी लाभली, आणि पाठीमागे मर्क्युरी कूगर या मोटारीचे रुंद दिवे आले. आज साध्या मस्टँगचे जे अनेक मालक आपल्या मोटारीवर अलंकार चढवू इच्छितात, त्यांच्या मनात बहुधा हेच रूप असते, आणि त्यासाठी लागणारे फायबरग्लासचे भाग अमेरिकेत तयार मिळतात. मात्र जो भाग ‘तयार’ म्हणून घरी येतो तो वस्तुतः अर्धाच तयार असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे जोडणीची कारागिरी, आणि तिची तजवीज न करता या कामास हात घालणे म्हणजे चांगल्या मोटारीची विटंबना करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

काचेचे सूक्ष्म तंतू आणि पॉलिएस्टर राळ यांच्या संयोगाने फायबरग्लास हा पदार्थ सिद्ध होतो. साच्याला आतून मेण लावून त्यावर जेलकोटचा थर द्यावयाचा, त्यावर काचतंतूंची चटई अंथरून तिच्यात शेकडा एक ते दोन या प्रमाणात हार्डनर मिसळलेली राळ मुरवावयाची, आणि ती घट्ट झाल्यावर वस्तू साच्यातून सोडवावयाची, अशी ही रीत आहे. पोलादी पत्रा दाबून घडवणाऱ्या अवजड ठशांच्या मानाने असा साचा फारच स्वस्त पडतो. म्हणूनच मोजक्या संख्येने निघणाऱ्या मोटारींना हा पदार्थ मानवला, आणि 1953 साली शेवरोले कॉर्व्हेटच्या पहिल्या 300 मोटारींचे संपूर्ण शरीर त्याचेच होते. परंतु राळ घट्ट होताना आकसते, आणि वस्तू साच्यातून घाईने काढली तर तिला बाक येतो; शिवाय साचा जर एखाद्या जुन्या, कुठेतरी ठोकर खाल्लेल्या मोटारीवरून घेतलेला असेल तर तिचा दोषही त्यात इमानाने उतरतो. खुद्द शेल्बीच्या कारखान्यालाही हे भाग नीट बसवून घेण्याचे कष्ट चुकले नाहीत. 1968 च्या मोटारींचे काम लॉस अँजेलिसहून मिशिगनमधील आयोनिया येथे ए. ओ. स्मिथ कंपनीकडे गेले, त्याच्या कारणांत या अडचणीचीही गणना होते.

म्हणून पहिला दंडक असा, की रंगाचा डबा उघडण्यापूर्वी प्रत्येक भाग मोटारीवर कोराच बसवून पाहावा. प्रथम दारे आणि पुढचे मडगार्ड यांच्या फटी नीट करून घ्याव्यात, कारण मूळ पत्राच वाकडा असेल तर त्याचा दोष नव्या भागाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मग मुखभाग, बॉनेट आणि बंपर एकाच वेळी सैल बोल्टांवर टांगून, चार पावले मागे सरून पाहावे. बॉनेटची कड एका बाजूस मडगार्डाला टेकते आणि दुसऱ्या बाजूस बोटभर फट राहते, असे दृश्य हमखास दिसते. तेव्हा बिजागऱ्या सरकवून जेवढे साधेल तेवढे साधावे, जिथे कड जास्त आहे तिथे ती पॉलिश पेपरने थोडीथोडी घासावी, आणि जिथे कमी आहे तिथे पुट्टीचा जाड थर न देता तंतू आणि राळ यांचीच भर घालून ती वाढवावी. जाड पुट्टी आज सुबक दिसते, पण कडेवरून ती लवकर निखळते.

बॉनेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अनुभवी कारागीर आवर्जून सांगतात. मस्टँगच्या बिजागऱ्यांवरील स्प्रिंगा जड पोलादी बॉनेट उचलून धरण्यासाठी योजलेल्या असतात. त्याच ठेवल्या तर हलक्या बॉनेटला त्या सतत वर रेटतात आणि बिजागरीजवळ ते कालांतराने वाकते. तेथे कमी ताणाच्या स्प्रिंगा घालाव्यात, आणि वेगात पुढची कड हवेने उचलली जाऊ नये म्हणून दोन्ही कोपऱ्यांत खिळ्यांची पकड द्यावी.

उष्णतेने फायबरग्लास पोलादाच्या साधारण दुपटीने प्रसरण पावतो. त्यामुळे बोल्टांची छिद्रे किंचित मोठी ठेवावीत, खाली रुंद वॉशर घालावेत आणि पाना हलक्या हाताने फिरवावा. करकचून आवळलेल्या बोल्टाभोवती जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. मागील मडगार्ड आणि त्याला जोडलेला फायबरग्लासचा तुकडा यांमधला सांधा पुट्टीने बुजवून अखंड करण्याचा मोह अनेकांना होतो. पण दोन भिन्न गतीने फुगणारे पदार्थ तो सांधा उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. साध्या मस्टँगमध्येही तेथे रेघ दिसतेच. ती राहू द्यावी.

रंगापूर्वी साच्याचे मेण मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसून मगच घासावे. आधी घासले तर मेण ओरखड्यांत शिरते आणि रंग तेथे धरत नाही. शक्य तर भाग काही दिवस उन्हात ठेवावेत, म्हणजे राळ पुरती पक्व होते आणि पुढे रंगाखाली फोड येण्याचा संभव कमी होतो. घासताना उडणारी धूळ त्वचेला असह्य खाज आणते आणि फुप्फुसांना बाधते, हार्डनरचा थेंब डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. मास्क, चष्मा आणि हातमोजे यांत कसूर नको. फायबरग्लासमधून विजेचा प्रवाह जात नाही, तेव्हा त्यावर बसवलेल्या प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार पोलादी सांगाड्यापर्यंत नेणेही विसरू नये.

आपल्याकडे असे काम योजणाऱ्याने मोटार वाहन अधिनियमाच्या 52व्या कलमातील फेरफारांची मनाई आधी वाचावी, आणि पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी 2021 मध्ये सुरू झालेली विंटेज नोंदणी मूळ स्वरूप जपलेल्या वाहनांसाठीच आहे, हेही ध्यानात घ्यावे. कोणत्याही देशात का असेना, मूळचे पोलादी बॉनेट आणि डिकी भंगारात देऊ नयेत; तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी उभी करून ठेवावीत. आणि मोटार पुढे विकावयाची वेळ आली, तर ती शेल्बीची प्रतिकृती आहे, अस्सल शेल्बी नव्हे, असे विक्रीच्या कागदपत्रांत मालकाने स्वतः नमूद करावे.