नाव-गाव न विचारणारा सोबती

कोणत्याही कामगार वस्तीत जा, एक तरी कुत्रा असा दिसेलच की ज्याचा मालक कोणी नाही, पण ज्याला हाक मारणारी घरे मात्र पंधरा-वीस आहेत. एका गल्लीत तो मोत्या असतो, पुढच्या गल्लीत काळू, आणि शाळेतून येणारी पोरे त्याला तिसऱ्याच नावाने बोलावतात. तो तिन्ही नावांना शेपूट हलवतो. मग एक दिवस काय होते कोणास ठाऊक, हा सर्वांचा कुत्रा एकाच घराचा होतो. रात्री त्याच उंबऱ्याशी झोपतो. त्या घरातले माणूस आजारी पडले तर पायरी सोडत नाही. विचारावे तर घरचे सांगतात, "आम्ही कुठे पाळला? तोच राहिला."

वाचक बंधू-भगिनींनो, हे 'तोच राहिला' मला विचार करण्यासारखे वाटते. विकतच्या कुत्र्याची निवड माणूस करतो. जात पाहतो (इथेही जात आलीच!), रंग पाहतो, पैसे मोजतो. रस्त्यावरचा कुत्रा मात्र स्वतः घर निवडतो, आणि माझ्या पाहण्यात तरी ते घर बहुतेक वेळा हातावर पोट असणाऱ्याचे असते. उष्टे-खरकटे जास्त पडते तो बंगला सोडून तो दहा बाय बाराच्या खोलीपुढे येऊन का बसतो?

आमच्या वसाहतीत पालिकेचे एक सफाई कामगार राहतात. आता निवृत्त झाले. त्यांची हजेरी साडेसहाची, म्हणजे घरातून निघायचे पाचला. त्या वेळी अंधारात गल्लोगल्लीची कुत्री कशी अंगावर येतात, हे सफाई कामगारांना आणि पेपर टाकणाऱ्या पोरांना विचारावे. एका पावसाळ्यात टेम्पोखाली पाय सापडलेले एक पिवळट कुत्रे त्यांच्या दाराशी आडोशाला बसले. त्यांनी चहात बुडवलेला अर्धा पाव त्याला टाकला. एवढेच. दुसऱ्या दिवसापासून ते लंगडत त्यांच्या पुढे चालू लागले. नाल्यावरच्या पुलापर्यंत जायचे. पुलापलीकडे दुसऱ्या कुत्र्यांची हद्द. तिथे थांबून, साहेब वळणाआड होईपर्यंत बघत राहायचे आणि मग परत यायचे. असे नऊ वर्षे चालले. (साहेब हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या कुत्र्याच्या हिशेबी तेच साहेब होते.)

घरच्या मावशींचा मात्र पहिल्यापासून विरोध. मला एकदा विहाराच्या पायरीवर गाठून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एवढ्या मीटिंगा घेता, यांना जरा समजवा की. पोरांच्या फीला पैसे पुरत न्हाईत आन् हे पाव घालत्यात कुत्र्याला." त्यांचेही चूक नव्हते. घरात खाणारी तोंडे सहा होती.

पुढे २०२० साली कोरोनाची टाळेबंदी आली. सगळे घरात बसले, सफाई कामगाराला मात्र रोज कामावर जावे लागले. टाळ्या-थाळ्या वाजल्या, पण वसाहतीत काय घडले ते आम्हाला माहीत आहे. हा माणूस कचरा उचलून येतो म्हणून शेजारीपाजारी दार लावून घेऊ लागले. नळावर मावशींची कळशी लोक लांब सरकवू लागले. आपल्याच लोकांनी केले हे, दुसऱ्यांनी नव्हे. त्या काळात दुपारी पुलाजवळ त्यांची वाट पाहत एकटे ते कुत्रे बसलेले असायचे. मावशी नंतर मला म्हणाल्या, "मानसं लांब झाली भाऊ, ह्यो नाही झाला." ते गेले त्या दिवशी त्यांच्या घरी भाकरी झाली नाही.

अशा गोष्टी ऐकल्या की कोणीतरी हमखास म्हणते, मागच्या जन्मीचे देणे असेल. आपण बुद्धाच्या वाटेने जाणारी माणसे. ऋणानुबंध म्हणून हात झटकून मोकळे होणे आपल्याला शोभत नाही. कारण शोधले पाहिजे.

शास्त्रज्ञांनी ते बऱ्यापैकी शोधले आहे. लांडग्यासारख्या प्राण्यापासून कुत्रा माणसाळला तो शेती सुरू होण्याच्याही आधी, किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी. गाय, शेळी, घोडा हे सगळे नंतरचे. काश्मीरमधील बुर्झहोम येथे नवाश्मयुगातील वस्तीच्या उत्खननात माणसांच्या दफनात कुत्रीही पुरलेली सापडली. म्हणजे ही सोबत धर्म, राज्य, वर्ण या सगळ्यांपेक्षा जुनी आहे. २०१५ साली जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्यात माया निर्माण करणारे हेच ते द्रव्य. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा असे काही आढळले नाही.

पण हे झाले घरातल्या कुत्र्यांचे. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास कोलकात्याच्या 'आयसर' या संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे करीत आहेत. त्यांचा २०१७ सालचा एक प्रयोग मला फार आवडला. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांपैकी काहींना जास्तीचे खाणे दिले, काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. पुन्हा पुन्हा भेटीनंतर कोणावर जास्त विश्वास बसला? हात फिरवणाऱ्यावर! अर्ध्या पावाचे कोडे इथे थोडेसे सुटते. पाव निमित्त होता. कोणीतरी वाकून आपल्याकडे पाहिले, हे त्या कुत्र्याने लक्षात ठेवले असावे.

त्याच संस्थेचा दुसरा अभ्यास वाचून मात्र मन खिन्न होते. पश्चिम बंगालमध्ये ९५ वेतांमधील ३६४ पिलांवर लक्ष ठेवले, तर सात महिन्यांचे होईपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के. जी मेली त्यांतील ६३ टक्के मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. गाड्यांखाली, मारहाणीने, विषाने, उचलून नेल्याने. म्हणजे आपल्या दाराशी शेपूट हलवणारे प्रत्येक मोठे कुत्रे हे पाचांतले एक वाचलेले आहे. माणसाकडून इतके सोसूनही ते माणसाकडेच येते. हे गूढ प्रयोगशाळेत पुरते उलगडेल असे मला वाटत नाही.

आता एक कडू प्रश्न. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तो मला तोंडावर विचारला होता. "कुत्र्या-मांजरांनी प्यालेलं चालायचं, आपण शिवलेलं चालत नव्हतं. आन् तू आम्हाला कुत्र्याची माया शिकवतोस?" २० मार्च १९२७ रोजी महाडला जे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, ते याच अपमानाचे उत्तर द्यायला गेले. जनावराला मोकळे असलेले पाणी माणसाला बंद होते. आजही मोठ्या सोसायट्यांतून कुत्र्याला एसी गाडी आणि घरकाम करणाऱ्या बाईला वेगळी लिफ्ट, असे दिसते. अशा ठिकाणचे प्राणिप्रेम पाहून आपल्या माणसाचे डोके तडकले तर त्यात नवल नाही.

पण त्या अपमानात कुत्र्याचा काय दोष? चवदार तळ्यावर पहारा कुत्र्याने बसवला नव्हता. माणसांना शिवाशिव शिकवली माणसांनी. कुत्र्याने नाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही, गावकुसाच्या आत राहता की बाहेर हेही नाही. उलट गावकुसाबाहेर आपल्या वाडवडिलांच्या झोपडीपुढे रात्रभर जागणारा तोच होता. आणि बाबासाहेबांचे पाहा. राजगृहातले १९३४ सालचे कुटुंबाचे छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर आहे. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. नीट पाहा, त्यात टॉबीही आहे. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. ज्या महामानवाने महाडचा संगर लढवला, त्यांच्या घरच्या चित्रात कुत्र्याला जागा होती.

जातककथांत कुक्कुर जातक म्हणून एक कथा आहे, क्रमांक २२. घरातल्या मुलांना जरूर सांगावी. बनारसच्या राजाच्या रथाची कातडी वादी रात्री पावसात भिजली आणि कुत्र्यांनी खाल्ली. राजाने हुकूम सोडला, नगरातले दिसेल ते कुत्रे मारा. राजवाड्यातील पाळीव कुत्रे तेवढे सोडून! तेव्हा स्मशानात राहणारा कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे बोधिसत्त्व, थेट दरबारात गेला आणि राजाला म्हणाला, चोर कोण ते तुला माहीत नाही, तरी आम्हाला मारतोस आणि घरच्यांना वगळतोस, हा न्याय कसा? मग त्याने राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ घालून पाजायला लावले. त्यांना उलटी झाली आणि कातड्याचे तुकडे बाहेर पडले. गुन्हा महालातल्यांचा, शिक्षा रस्त्यावरच्यांना! ही कथा कुत्र्यांचीच आहे असे समजून वाचणाऱ्याला ती अर्धीच कळली.

अलीकडची एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या फोर्ट वर्थ शहरातून भिक्खूंचा एक संघ शांततेसाठी पायी निघाला. वाट राजधानी वॉशिंग्टनची, सुमारे २३०० मैलांची. त्यांच्याबरोबर चालणारा कुत्रा आपल्या देशातला, रस्त्यावरचा, बिनजातीचा! नाव आलोक, म्हणजे प्रकाश. याआधी भिक्खूंनी भारतात ११२ दिवसांची पदयात्रा केली, तेव्हा तो आपण होऊन मागे लागला. वाटेत आजारी पडला म्हणून गाडीत बसवला, तर बरे वाटताच उडी मारून पुन्हा चालू लागला, असे भिक्खू सांगतात. कपाळावर बदामाच्या आकाराचा ठिपका. त्याला बघायला अमेरिकेत रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहिली. इथे असता तर त्याला कोणीतरी दगडच मारला असता.

तरीही केवळ मायेच्या गोष्टी सांगून थांबणे बरोबर होणार नाही. कुत्रा चावतो तो प्रामुख्याने आपल्याच पोरांना. गाडीतून शाळेत जाणाऱ्यांना नव्हे. म्हणून ज्या घराने कुत्र्याला आपले म्हटले, त्याने त्याची जबाबदारी पुरती घ्यावी. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. नुसती भाकरी टाकणे म्हणजे पाळणे नव्हे.

पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस आणि दरवर्षी न चुकता एक. नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाला छोटीशी खाच असते. ती नसेल तर पालिकेला कळवून करून घ्यावी, त्याने कुत्र्यांची भांडणे आणि पिलांचे हाल दोन्ही कमी होतात. मुंबईसारख्या शहरात पाळीव कुत्र्याला पालिकेचा परवानाही लागतो. आणि कुत्रा चावला, मग तो घरचा का असेना, तर हळद, चुना, तिखट काही लावू नये. मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. पोटातल्या १४ इंजेक्शनांचा काळ केव्हाच संपला. आता सरकारी दवाखान्यात पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी लस देतात. जखम खोल असेल तर जखमेतच सिरमही देतात. एक डोस घेऊन, रोजंदारी बुडते म्हणून पुढचे टाळणारे पुष्कळ पाहिले आहेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ नाहीच.

कायद्याचेही ठाऊक असावे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नसबंदी आणि लस देऊन कुत्रे त्याच्याच भागात परत सोडावे. पिसाळलेले किंवा अंगावर येणारे मात्र नाही. खाऊ घालायचे ते ठरवून दिलेल्या जागी. कोणाला दत्तक घ्यायचे असेल तर पालिकेकडे अर्ज करता येतो, पण मग ते पुन्हा रस्त्यावर जाता कामा नये. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके या आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश झाला. दाराशी राहणाऱ्याला कागदोपत्री आपले करून घेणे, हाच त्याला वाचवण्याचा मार्ग दिसतो.

एकट्या घराला हे अवघड वाटेल. आमच्याकडे महिला मंडळाने पुढाकार घेतला, प्राणीमित्र संस्थेच्या डॉक्टरांना रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारासमोर बोलावले आणि वर्गणी काढली. कुत्री धरायला सगळ्यात पुढे मावशी होत्या. वहीत नोंद करायला आठवीतली एक मुलगी बसली होती. तारीख, रंग, नर की मादी, आणि शेवटचा रकाना मालकाचे नाव. एका तांबड्या कुत्रीपाशी सगळे एकमेकांकडे बघू लागले. मुलीने क्षणभर पेन थांबवले आणि लिहिले, 'गल्ली नंबर ३'.