फेरफार क्रमांक 1

वाळूजच्या आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये आजही ‘57 एफ 4’चं चलन म्हणतात. तो नियम एक्साइजच्या काळातला. कायदा गेला, तोंडातलं नाव राहिलं. माल प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवला की जॉबवर्कचं चलन फाडायचं आणि माल मुदतीत परत आणायचा. एक्साइजमध्ये ही मुदत 180 दिवस होती. 1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि त्याच्या कलम 143ने कच्च्या मालासाठी ती एक वर्ष केली.

“स्टोअरच्या सॉफ्टवेअरमध्ये 180चे 365 करून टाका,” एवढंच काम माझ्याकडे आलं. मी गंगापूरहून रोज वाळूजला जायचो. संध्याकाळपर्यंत होईल असं धरून बसलो. तीन दिवस गेले.

180 हा आकडा अकरा ठिकाणी होता आणि एका ठिकाणी 179. चलनाच्या तारखेत दिवस मिळवायला एक ओळ पुरते. इथे आकडा एका टेबलात, तो वाचणारा प्रोग्रॅम दुसरीकडे, आणि त्याला हाक मारणारा तिसरा. कधीतरी हेच सॉफ्टवेअर दुसऱ्या कारखान्यांनाही विकता येईल म्हणून कुणीतरी हा डोलारा उभारला होता. दुसरा कारखाना कधी आलाच नाही. मधल्या प्रोग्रॅममध्ये एक अट होती: आयटम कोड ‘डी’ने सुरू होत असेल तर तारीख तपासू नका. शेजारी टीप एकच, ‘हात लावू नका’. कुणी लिहिली, का लिहिली, काही नाही. बाकीच्या अडगळीसारखीच ती मला दिसली. मी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरचा स्क्रीन लाल झाला. वर्षानुवर्षं बाहेर असलेली चलनं मुदत संपली म्हणून अडकली, नवीन चलन निघेना. गेटवर टेम्पो उभे, ड्रायव्हर खाली उतरून बसलेले. अट परत टाकून काम सुरू केलं, पण तिचा अर्थ मला कळेना. शेवटी निवृत्त झालेल्या स्टोअरकीपर काकांना फोन लावला.

“अहो, डी म्हणजे डाय,” ते म्हणाले. “डाय जॉबवर्कवाल्याकडेच राहते. तिला कसली मुदत?”

खरंच होतं. डाय, मोल्ड, जिग, फिक्श्चर, टूल यांना कलम 143नेच या मुदतीतून वगळलं आहे. अर्ध्या मिनिटाची माहिती. ती लिहायला दोन ओळी लागल्या असत्या.

त्याच महिन्यात वडिलांच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे बसलो होतो. जुना हस्तलिखित सातबारा समोर होता. आजोबांच्या नावाला कंस, खाली वडिलांचं नाव, शेजारी वर्तुळात एक आकडा. त्या आकड्याची नोंद नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, सापडली: कोण वारले, कधी, वारस कोण, नोंद कुणी मंजूर केली. सातबारावर जागा कमी, म्हणून तिथे फक्त आकडा; कारण वहीत. कंस केलेलं नावही वाचता येत होतं. इतक्या वर्षांनी, त्या तलाठ्याला कधी न भेटलेल्या मला, बदल का झाला ते कळत होतं. मी ते पान बराच वेळ पाहत राहिलो. आम्ही कोडमध्ये जुनी ओळ पुसतो आणि कारण कुठेच ठेवत नाही, याची तिथे फार लाज वाटली.

परत येऊन मधले दोन थर काढले. मुदत एकाच जागी आणली. अटीशेजारी आकडा टाकला आणि स्टोअरच्याच टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली, मराठीत, स्टोअरच्या भाषेत. पहिली नोंद अशी: “फेरफार 1. कोड ‘डी’, म्हणजे डाय. जीएसटी कलम 143 प्रमाणे परतीची मुदत नाही. म्हणून तारीख तपासत नाही.”

स्टोअरच्या सुपरवायझरने चहा घेता घेता ती वाचली आणि कप खाली ठेवला.

“सर, मग जिग-फिक्श्चरचं काय? त्यांचा कोड ‘जे’ने सुरू होतो.”

कोड उघडून पाहिलं. ‘जे’ कुठेच नव्हता. वहीत दुसरी नोंद सुपरवायझरच्याच हातची आहे.