'मराठवाडा' : एका प्रांताचे दैनिक

निजामाच्या राज्यात राजकीय मजकुराचे मराठी पत्र काढायला परवानगी मागावी लागे, आणि ती मिळण्याची आशा मागणाऱ्यालाही फारशी नसे. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ साली 'मराठवाडा' साप्ताहिक काढले ते पुण्याहून. वाचक मोगलाईत, छापखाना ब्रिटिश मुलखात. निजाम सरकारने बंदी घातली की पत्र नवे नाव घेई आणि अंक पुन्हा सरहद्द ओलांडत. बंदी आली म्हणून पत्र थांबले नाही.

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढे पत्राचा मुक्काम औरंगाबादला हलला आणि संपादकाची खुर्ची अनंत भालेराव यांच्याकडे आली. ते हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले, तुरुंग पाहिलेले. १९६८मध्ये पत्र दैनिक झाले. तोवर मुंबई-पुण्याचे पेपर मराठवाड्यात शिळे होऊन पोचत आणि त्यांत परभणी-बीडची बातमी क्वचितच सापडे. तालुक्याच्या वार्ताहराने एसटीच्या पाकिटातून धाडलेला कागद छापणारे घरचे दैनिक म्हणजे काय, हे तेव्हाच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नसे.

बातमीपेक्षा अग्रलेखासाठी हा पेपर घेणारे पुष्कळ होते. मनमाड-औरंगाबाद रुंद रेल्वेमार्ग, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, जायकवाडीचे पाणी, १९७२चा दुष्काळ, १९७४चे विकास आंदोलन : प्रांताचा अनुशेष हा या दैनिकाचा कायमचा विषय. रेल्वेच्या रुळांवर इतकी शाई दुसऱ्या कुठल्या मराठी पत्राने खर्च केली असेल, असे मला वाटत नाही. आणीबाणीत खुद्द भालेराव गजाआड गेले. भालेरावांची भाषा कडक, तरी तिला मराठवाडी बोलीची ऊब होती; टीका झालेला माणूसही लेख शेवटपर्यंत वाचत असे, ही ऐकीव गोष्ट मला पटते.

दिवाळी अंकात लिहितोय म्हणून हेही नोंदवतो : १९६९च्या 'मराठवाडा' दिवाळी अंकात दलित साहित्यावर परिसंवाद झाला. 'दलित साहित्य' या नावालाच नाके मुरडली जात होती, त्या दिवसांत. या चळवळीचा इतिहास लिहिणारे आजही त्या अंकापाशी थांबतात.

म्हणूनच पुढचे प्रकरण अधिक बोचते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्याविरुद्ध उसळलेल्या हिंसेत गावोगाव दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. दैनिकाने नामांतराला विरोध केला. प्रांताची ओळख पुसली जाईल, असा त्यामागचा युक्तिवाद. भालेराव जातीयवादी नव्हते, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतील. पण प्रांत म्हणजे नेमके कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या अग्रलेखांनी चुकीचे दिले, असे माझे मत आहे. ज्यांची घरे जळत होती तेही मराठवाड्याचेच होते. १९६९मध्ये ज्यांना व्यासपीठ मिळाले त्यांनाच नऊ वर्षांनी हा पेपर परका वाटला. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, तेव्हा भालेराव हयात नव्हते. १९९१मध्ये ते गेले.

पेपरची उतरण मात्र त्याआधीच सुरू झाली होती. १९८२मध्ये 'लोकमत' औरंगाबादेत आला. मोठे भांडवल, चकचकीत छपाई, गावागावात एजंट. संपादकाच्या नावावर चालणाऱ्या दैनिकाला जाहिरात खाते कधी नीट जमले नाही. भालेरावांनंतर 'मराठवाडा' फार काळ तगला नाही. निजामाला जे साधले नाही ते बाजाराने केले, असे सरसकट म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते : जुना वाचक थकला आणि नव्या वाचकाचा मोठा हिस्सा १९७८मध्येच दुरावला होता.

या पत्राच्या जुन्या अंकांवर मराठवाड्याच्या साठ वर्षांचा इतिहास उभा राहू शकतो. कुणाच्या माळ्यावर ते बांधून पडले असतील, तर रद्दीवाल्याआधी जवळच्या ग्रंथालयाला कळवावे.